मशालींचं दुकान

आमच्या खेळातल्या गुहेच्या नकाशावर मी तीन रात्री घालवल्या होत्या. चौदा दालनं, दोन चोरवाटा, एका कोरड्या विहिरीच्या तळाशी पेटी, आणि पेटीच्या राखणीला एक आंधळा पण तिखट कानांचा राक्षस. माझा मुलगा दहा वर्षांचा. त्याचा साहसवीर (नाव त्यानेच ठेवलं, बंड्या) गुहेच्या तोंडाशी पोचला तेव्हा मी आवाज खाली आणून आतला गार वारा, वटवाघळांचा वास, दगडावरची अर्धवट पुसलेली खूण असं सगळं वर्णन केलं आणि विचारलं, "मग, काय करतोस?"

"इथे रोज किती लोक येतात?"

खजिन्याची आवई उठल्यापासून पुष्कळ येतात, मी म्हटलं.

"मग मी आत जात नाही. इथेच मशाली विकतो."

पुढचे दोन रविवार आम्ही मशालींचं दुकान चालवलं. काठ्या कुठून आणायच्या, चिंध्या कुणाकडून, करंजाचं तेल परवडतं की एरंडाचं. आतून परतलेल्यांकडून उरलेल्या मशाली निम्म्या किमतीत परत घ्यायच्या. न परतलेल्यांची उधारी कुणाकडून वसूल करायची, यावर तर अर्धा तास खल झाला. माझी चौदा दालनं फायलीत पडून होती. तिसऱ्या रविवारी मला राहवलं नाही आणि मी दुकानाला आग लावली.

"ही आग तू लावलीस," तो म्हणाला.

शेजारच्या झोपडीतून ठिणगी उडाली, असं मी सांगायला लागले.

"आई, तू लावलीस. मला आत पाठवायला. आग लागायची तर दान पडायला पाहिजे ना? आणि तेलाचे बुधले मी लांब ठेवले होते. सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतं. मी विसरले होते.

या खेळाला इंग्रजीत टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यातला सगळ्यात जुना आणि गाजलेला म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळणाऱ्यांच्या तोंडी डी अँड डी. टेबलाभोवती तीन-चार जण बसतात. एकजण जग उभं करतो (त्याला डंजन मास्टर म्हणतात), बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होतात. जग उभं करणारा सांगतो की समोर काय आहे, खेळणारा सांगतो की मी काय करतो, आणि जिथे निकालाची खात्री नसते तिथे फासा टाकायचा. पट असला तर असला, नसला तरी चालतं. माझे सासरे रमीतले मुरलेले. दोन रविवार लांबून ऐकून त्यांनी विचारलं, "पण यात जिंकतं कोण?" कुणीच नाही, म्हटल्यावर त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

मी हा खेळ पहिल्यांदा खेळले १९९६ साली, मुलुंडला मैत्रिणीच्या घरी. तिच्या आत्याने अमेरिकेहून लाल डबा आणला होता, १९८३च्या आवृत्तीचा. त्यातल्या फाशांवर आकडे कोरलेले असायचे पण रंगवलेले नसायचे. डब्यातला मेणाचा खडू घासून ते आपणच भरायचे. दोन वर्षं आम्ही पाचजणी खेळलो. मग नोकऱ्या, लग्नं, गावं बदलली. त्यातला एक वीस बाजूंचा फासा माझ्याकडे राहिला आणि बटणांच्या डब्यात गेला. गेल्या वर्षी गणवेशाचं बटण शोधताना तो मुलाच्या हाती लागला. एवढीच ती पुनर्भेटीची गोष्ट.

पण त्यानंतर आजूबाजूला जे ऐकू आलं, त्याबद्दल मला वाद घालायचा आहे. मी हा खेळ खेळते म्हटल्यावर पालकांचे दोन प्रश्न येतात. पहिला, "याचं व्यसन नाही ना लागत?" दुसरा, "याचा फायदा काय?" मुलांच्या खेळाविषयी आपल्या सार्वजनिक बोलण्यात एवढे दोनच प्रश्न उरले आहेत: बंद कधी करायचा आणि कामाला कसा लावायचा. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्याला माझा विरोध नाही. त्यात घरं बुडाली आहेत. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लहान वयात खेळातून शिकवा म्हणतं, तेही ठीक. मात्र या दोन टोकांच्या मधल्या जागेत, जिथे मूल नुसतं खेळतं, तिथे मोठ्या माणसाला काय म्हणायचं ते सुचत नाही. फासे म्हटले की आपल्याला शकुनीच आठवतो. ऋग्वेदातलं अक्षसूक्तसुद्धा जुगाऱ्याला फासे टाकून दे आणि शेती कर असं बजावतं. करिअर-मार्गदर्शनाची परंपरा आपल्याकडे फार जुनी.

गंमत अशी की डी अँड डीच्या वाट्याला हे दोन्ही प्रश्न त्याच क्रमाने आले. १९७९ साली मिशिगनमधल्या विद्यापीठातला सोळा वर्षांचा हुशार विद्यार्थी बेपत्ता झाला. तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला, असं वर्तमानपत्रांनी रंगवलं. खरं कारण त्याचं स्वतःचं खोल दुःख होतं. खेळाचा संबंध नव्हता. पण तिथून पुढची दहा वर्षं अमेरिकेतल्या धार्मिक गटांनी आणि घाबरलेल्या पालकांनी या खेळावर सैतानपूजेचा शिक्का मारला. २०१० साली तिथल्या अपील न्यायालयाने विस्कॉन्सिनमधल्या एका तुरुंगाने घातलेली या खेळावरची बंदी उचलून धरली. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे जायचं, ही रचना टोळीसारखी आहे, असं तुरुंगाचं म्हणणं होतं. हा खेळ जन्माला आला तो त्याच विस्कॉन्सिनमध्ये!

आता वारं फिरलंय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी जाहिरात आली: वय आठ ते बारा, डी अँड डीच्या माध्यमातून नेतृत्वगुण, सांघिक वृत्ती, चिकित्सक विचार, सहा शनिवार, शेवटी प्रमाणपत्र. सैतानापासून नेतृत्वगुणांपर्यंतचा हा प्रवास पाहून मला सैतानाचेच दिवस बरे वाटले. निदान तेव्हा लोकांना खेळाची भीती तरी वाटत होती. म्हणजे त्यात काहीतरी आपल्या हाताबाहेरचं आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

कारण ते आहेच. आणि ते समजायला खेळ कसा घडला ते पाहावं लागतं. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे लष्करी अधिकारी नकाशावर लुटुपुटीची लढाई खेळत. १८२४च्या नियमांत फासे, तक्ते, आणि निकाल देणारा पंच होता. पुढे तक्ते इतके वाढले की १८७६ साली व्हेर्दी दु व्हेर्न्वा नावाच्या अधिकाऱ्याने ते बाजूला सारले: अनुभवी पंचाने आपल्या अकलेने निकाल द्यावा. तेव्हापासून या खेळांच्या पोटात एक भांडण आहे, फाशाचं ऐकायचं की पंचाचं. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मशालींचं दुकान जळालं ते त्याच भांडणात.

१९६९ साली मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडला. सैन्य हलवण्याऐवजी त्याने काही जणांना माणसं करून टाकलं: कुणी गावाचा महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू दुसऱ्या खोल्यांत जाऊन आपापसात कट करू लागले, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच मागितलं. वेस्लीला वाटलं, डाव साफ फसला. खेळणारे मात्र पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्यांतला एक डेव्ह आर्नेसन. त्याने ही कल्पना पुढे नेली आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स छापला. लाकडासारख्या दिसणाऱ्या डब्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. विम्याची नोकरी सुटलेला गायगॅक्स त्या दिवसांत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातल्या घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करत होता.

आणि मला सगळ्यात आवडणारी हकिकत त्याही आधीची. आर्नेसनचा खेळ पाहिल्यावर गायगॅक्सने स्वतःचं एक भुयार कागदावर आखलं आणि त्यात पहिल्यांदा उतरवलं आपल्याच दोन मुलांना, थोरला एर्नी आणि एलीस. त्यांनी पहिले राक्षस मारले. त्यांना पहिला खजिना सापडला: तीन हजार तांब्याच्या नाण्यांची पेटी. ती इतकी जड की उचलून नेताच येईना. मुलं खट्टू झाली. मुलं झोपायला गेल्यावर बापाने लगेच भुयाराचा दुसरा मजला आखायला घेतला. पोराबाळांबरोबर खेळणं हा या खेळाचा अलीकडचा, पालकांनी शोधलेला उपयोग नाही. सुरुवातच तिथून आहे. आणि त्या पहिल्या रात्री कुणाला नेतृत्वगुण मिळाले नाहीत. न उचलता येणारी पेटी मिळाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा खेळ मुलाला काय शिकवतो हा प्रश्नच दुय्यम आहे. तो मोठ्या माणसाचा अधिकार दोन तासांपुरता नियमाखाली आणतो, हे त्याचं खरं काम. माझ्या मुलाच्या आठवड्यात त्याचा निर्णय शेवटपर्यंत टिकतो अशा जागा मोजायला गेले तर एका हाताची बोटं पुरतात. शाळा, क्लास, पोहणं, सोसायटीच्या मैदानाची वेळ, सगळं आम्ही ठरवलेलं. व्हिडिओ गेममध्ये त्याला मोकळीक आहे असं वाटतं, आणि काही गेम खरंच सुंदर आहेत. पण गुहेच्या तोंडाशी मशालींचं दुकान तिथे काढता येत नाही, जोवर कुणा प्रोग्रॅमरला ते आधी सुचलेलं नाही. टेबलावर ते काढता येतं. "मी दुकान काढतो" म्हटलं की दुकान निघतं, आणि मग समोरच्या मोठ्या माणसाला, त्याच्या तीन रात्रींच्या नकाशासकट, त्या दुकानाचा विचार करावा लागतो. मूल बोललं आणि जग बदललं. आईच्या म्हणण्याने नाही, गुणांनी नाही.

म्हणून ती आग ही साधी चूक नव्हती. मी आईपणाचा शिक्का काढून फाशाच्या जागी मारला होता. त्यानंतर आमच्याकडे कायदा झाला: वाईट काही व्हायचं असेल तर फासा उघड्यावर पडणार, आडोशाला नाही. वीस बाजूंच्या फाशाची प्रत्येक बाजू शंभरात पाच वेळा पडते, हे त्याला आता माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक आहे. (बघा, फायदे सांगायला लागलेच.)

त्या जाहिरातीतल्या कार्यशाळेत हे का होणार नाही? शिकवणारे वाईट म्हणून नव्हे. तिथे दहा मुलं असतात, दीड तास असतो, आणि सहाव्या शनिवारी आईबापांना दाखवायला राक्षस मेलेला असावा लागतो. दुकान काढणाऱ्या मुलाचं अशा तासात काय करायचं? त्याला गोड बोलून गुहेत पाठवायचं. प्रमाणपत्र असलेल्या खेळात आग ठरलेलीच असते.

हे आपण आधी एकदा केलंय. दिवाळीतला किल्ला आठवा. माती, विटा, पोत्यावर लिंपलेला चिखल, त्यावर पेरलेले अळीव. वर सिंहासनावर शिवाजी महाराज, पायऱ्यांवर मावळे, आणि खालच्या गुहेत प्लॅस्टिकचा वाघ, जो मावळ्यांपेक्षा दुप्पट मोठा. आमच्या किल्ल्यावर हेलिकॉप्टर उतरायचं. किल्ल्याला नाव नव्हतं. तो आमचा किल्ला होता. मग स्पर्धा आल्या. परीक्षक हुबेहूब प्रतिकृतीला गुण देतात, शेजारी माहितीचा फलक लागतो, आणि बाबा रात्री दोन वाजता राजगडाची माची गुगलवर तपासत बसतात. त्या प्रतिकृती देखण्या असतात, मी नाव ठेवत नाही. फक्त त्यांत हेलिकॉप्टर उतरत नाही.

याच ठिकाणी मला एक सूचना हमखास ऐकायला मिळते. परक्यांच्या परीकथांतले एल्फ आणि ड्रॅगन कशाला, आपल्या मातीतलं करा! शिवकाल घ्या, महाभारत घ्या. सूचना चांगल्या मनाने येते आणि मीही ती करून पाहिली. पुरंदरची मोहीम मांडली आणि दहाव्या मिनिटाला अडकले, कारण तिथे माझ्या मुलाचा मावळा घाबरून पळाला. पोबारा केला म्हणा. तो शब्दही फाशांच्या खेळातूनच आलाय. आता काय करू? ज्या गोष्टींपुढे आपण हात जोडतो त्यांचा शेवट ठरलेला असतो आणि तो ठरलेलाच असावा असं आपल्याला आतून वाटतं. दशावतारी नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात, त्या उत्स्फूर्तपणाला तोड नाही, कुठल्याही डंजन मास्टरने तो कोकणात जाऊन पाहावा. पण शेवटी राक्षस मरणार हे नटालाही ठाऊक असतं आणि पुढे चटईवर बसलेल्या पोरालाही. या खेळाला मात्र असं जग लागतं जिथे कुणीही हरू शकतं आणि कुणाच्या भावना दुखावत नाहीत. एल्फचा उपयोग तोच: ते आपले कुणी लागत नाहीत. आम्ही मधला मार्ग काढला. किल्ला आहे, पण नाव नसलेला. मावळ्यासारखा एकजण आहे, पण बखरीत नसलेला. बुरूज, देवडी, पलिता, कडी-कोयंडा, सगळं आपलं. इतिहास कुणाचाच नाही.

भाषेचं असं झालं की नियम इंग्रजीत आणि खेळणं मराठीत. नियमांसाठी पैसेही लागत नाहीत. मूळ नियमांचा मोठा भाग खेळाच्या मालक कंपनीने २०२३ साली, नियमांच्या परवान्यावरून स्वतःच ओढवून घेतलेल्या वादळानंतर, सगळ्यांना मोकळा करून दिला. वीस बाजूंचा फासा नसेल तर 'व्यापार'च्या डब्यातले दोन चालतात. महाग आहे तो वेळ. माझ्याकडे रविवारचे दोन तास आहेत कारण त्या वेळी सासूबाई स्वयंपाकघर सांभाळतात. हे न सांगता "प्रत्येक पालकाने मुलाबरोबर खेळावं" असा उपदेश करणं हा अप्रामाणिकपणा होईल. दोन शिफ्ट करणाऱ्या आईला मी कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणूनच हा प्रश्न घरापुरता सोडू नये असं मला वाटतं. आपल्याकडे एक जागा आहे जी फुकट पडली आहे. महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांची अनुदानित ग्रंथालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३चं. कित्येक ग्रंथालयांच्या बालविभागात दुपारी टेबलं असतात, पंखा असतो, 'शांतता राखा' ही पाटी असते आणि मुलं नसतात. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत डी अँड डीचे गट बसणं आता नेहमीचं झालंय. आपल्याकडे शनिवारी दोन तास ती पाटी उलटी करून ठेवायला शासन-निर्णय लागू नये. एक टेबल, दोन फासे, कॉलेजातलं एखादं पोर सांगणारं. पुढच्या शनिवारी तीच मुलं, तोच डाव. अहवाल नको, फोटो नको, स्पर्धा तर अजिबात नको. एखाद्या ग्रंथपालाने विचारलंच की यातून साध्य काय, तर माझ्याकडे उत्तर नाही. कादंबऱ्यांच्या कपाटाला आपण ते विचारत नाही, एवढंच म्हणेन.

एक आक्षेप मी खोडू शकत नाही. या खेळात मारामारी फार आहे. जुन्या नियमांची पानंच्या पानं कुणाला किती वार लागतात यावर खर्ची पडली आहेत, आणि लढाईचा खेळ बापजादा म्हटल्यावर ते सुटायचं नाही. माझ्या मुलाला मारामारीत रस कमी आणि हिशेबात जास्त, हा माझा पराक्रम नव्हे. उद्या तो टेबलावर बसून कुणाचं डोकं उडवायचं म्हणाला तर मला फासा पुढे करावा लागेल. तेवढं धैर्य माझ्यात आहे की नाही, ते तेव्हा कळेल.

दुकान आम्ही पुन्हा उभं केलं. फाशाने ठरवलं की तेल वाचलं होतं. गिऱ्हाइकं येतात. मागच्या आठवड्यात एक लठ्ठ, बोलबच्चन सरदार सहा मशाली उधारीवर घेऊन आत गेला तो आलाच नाही. बंड्याने तीन दिवस वाट पाहिली, वहीत त्याच्या नावापुढे रक्कम लिहिली, खाली दोन रेघा मारल्या.

"आई, गुहेत जातो मी," मुलगा म्हणाला. "वसुलीला."

तो झोपल्यावर मी फायलीतून नकाशा काढला. सरदार कितव्या दालनात आहे ते अजून ठरत नाहीये, आणि जिवंत आहे की नाही, ते तर मला ठरवायचंच नाही.